तेनरींनी कोयता घडवला

हे वाक्य मराठीत बिनधोक उभं राहतं.
कोयता, म्हणून घडवला.
सुरी असती तर घडवली,
पातं असतं तर घडवलं.
घडवणारं कोण, ते क्रियापद विचारत नाही,
हत्यार बघतं आणि पुढे जातं.

सुलावेसीत, तेम्पे सरोवराच्या काठी,
खांबांवर उभ्या घराच्या खाली भट्टी.
करवंट्यांचा कोळसा, लवंगेच्या विडीचा वास,
गुडघ्यापर्यंत दुमडलेली चौकड्यांची लुंगी,
मनगटांवर ठिणग्यांचे तिळाएवढे पांढरे डाग.
चाळीस वर्षांचे.

जन्मल्यावर नाव ठेवलं वे तेनरी.
त्यातलं 'वे' मुलीचं.
बाराव्या वर्षी तेनरींनी तेवढं एक अक्षर
भात्यासमोर काढून ठेवलं,
ओली चप्पल दाराबाहेर काढावी तसं.
बापाने, ला मद्दुसिलाने, काही विचारलं नाही.
म्हणाला, दांडा धर.

गावाला शब्द शोधावा लागला नाही,
गावाकडे तो होताच: कलालाई.
बाहेरचा पाहुणा विचारतो तेव्हा समजावतात,
अंग बाईचं, चाल पुरुषाची,
आणि स्वतःच हसतात,
एवढ्यात तेनरी मावत नाहीत हे ठाऊक असल्यासारखे.
ओळखपत्रावर 'स्त्री' आहे.
महिन्याच्या दिवसांत कंबर धरायची, भट्टी बंद नसायची.
पुतणीच्या लग्नात मांडवाचे वासे बांधायला तेनरी,
आणि संध्याकाळी चुलीपाशी बायकांची हाक:
तेनरी, मीठ बघून जा.

आदराने बोललं, वर्तमानकाळात बोललं,
तर आपल्याही भाषेत अडत नाही.
तेनरी हसतात. तेनरी मीठ बघतात.
आणि ते अगदी लहान मूल, ते तर
रडलं, पडलं, पुन्हा उठलं.
मधल्या वयाच्या भूतकाळाला मात्र
उंबरा आहे, आणि उंबऱ्यावर माणूस बसलेला.
तिथे, बुगिस बोलीत,
एक 'इ' क्रियापदाच्या शेपटीला लावतात
नवऱ्यासाठी, बायकोसाठी,
बुडालेल्या होडीसाठीसुद्धा.

बाप गेला त्या दिवशी तेनरींनी घागर भरली,
जिन्यावरून दारापर्यंत नेली.
आत दोघे भाऊ, इमाम, पांढरं कापड.
इमामांनी नजर खाली घातली. मनाने चांगलेच गृहस्थ,
त्यांच्या घरचा विळाही याच भट्टीतला.
नाही, असं कोणी म्हणालं नाही.
घागर तेवढी भावाने घेतली,
जपून, बोटाला बोट न लागता.

त्या घरांची जमीन बांबूच्या कामट्यांची.
मासे धुतलेलं, भांडी विसळलेलं,
सगळं पाणी फटींतून खाली पडतं,
खालच्या कोंबड्यांना त्याची सवय असते.
खाली विझलेली भट्टी,
तिच्याशी तेनरी, तोंड वर करून.

पहिलं पाणी आलं.
बापाच्या कपाळावरून, मग खांद्यांवरून,
मग 'दांडा धर' म्हणणाऱ्या हातांवरून,
कामट्यांवरून,
तेनरींच्या तोंडावर.
दुसरं. तिसरं.
शेवटच्या पाण्याला कापराचा वास होता.
तेनरींनी ओंजळ धरली. ओंजळ, म्हणून धरली.
पण त्या पाण्यात उभं राहून तेनरी भिज...

इथे माझं वाक्य थांबतं.
भिजला लिहिलं तर इमामांची नजर खोटी पडते,
भिजली लिहिलं तर चाळीस वर्षं,
भिजलं लिहिलं तर पुन्हा ते मूल.
(खरं तर शेवटचं अगदीच चूक नव्हतं.)

वरून धाकट्या भावाला काहीतरी हललेलं दिसलं.
फटीला डोळा लावून त्याने विचारलं,
खाली कोण?

मी.

तो बराच वेळ तसाच ओणवा होता.
मग त्याने घागर हळू कलती केली,
फटीच्या अगदी वर.